आईची मतपत्रिका आणि गावचं बोर्ड: अमेरिकेतले राज्य मताधिकार कायदे कसे वापरायचे

आईची नागरिकत्वाची मुलाखत मराठीत झाली. वय एकाहत्तर, ग्रीन कार्ड मिळून पंधरा वर्षं उलटलेली, त्यामुळे ५५/१५ च्या नियमाने (वय किमान पंचावन्न, ग्रीन कार्डाची किमान पंधरा वर्षं) इंग्रजीची परीक्षा माफ होती. दुभाषीने अधिकाऱ्याचे प्रश्न मराठीत विचारले, आईने मराठीत उत्तरं दिली आणि काही आठवड्यांत हात वर करून शपथ घेतली. पुढच्या मे महिन्यात आमच्या न्यूयॉर्क राज्यातल्या स्कूल डिस्ट्रिक्टची निवडणूक होती. आई ठेवणीतली साडी नेसून मतदानाला आली. मतपत्रिका अख्खी इंग्रजीत. माझी बहीण तिच्यासोबत आत जायला लागली, तर टेबलामागच्या बाईंनी अडवलं: "एका वेळी एकच." आई एकटी गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "खूण कुठे झाली, देव जाणे."

त्या बाईंचं चुकलं होतं. आईला हव्या त्या माणसाला सोबत नेण्याचा हक्क फेडरल कायद्याने दिलेला आहे, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. त्यानंतर दोन-तीन वर्षं मी राज्याचा कायदा वाचला, टाऊन बोर्डाच्या सभांना बसलो, वकिलांना भेटलो. त्यातून जे हाताला लागलं ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे. अमेरिकन नागरिक झालेल्या मराठी माणसांसाठी हे आहे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियावर भर दिला आहे, कारण कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वांत जुना आणि न्यूयॉर्कचा सर्वांत विस्तृत कायद्यांपैकी एक.

राज्यांना वेगळा कायदा का करावा लागला

७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मताधिकारासाठी चालणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी झोडपलं. त्यात पंचवीस वर्षांचे जॉन लुईस होते. त्यांची कवटी फुटली. त्याच वर्षी ६ ऑगस्टला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी फेडरल व्होटिंग राइट्स ॲक्टवर सही केली. त्यातली पूर्वमंजुरीची तरतूद मोठी परिणामकारक होती. भेदभावाचा इतिहास असलेल्या भागांना निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यावी लागे. २०१३ मध्ये शेल्बी काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे भाग ठरवण्याचं सूत्रच रद्द केलं आणि पूर्वमंजुरी कागदावर उरली. कलम २, म्हणजे भेदभावाविरुद्ध दाद मागण्याचं कलम, शिल्लक राहिलं. पण २०२१ च्या निकालाने त्याखाली दावा सिद्ध करणं अवघड झालं. २०२३ मध्ये आठव्या सर्किटच्या (म्हणजे काही राज्यांच्या एका विभागाच्या) फेडरल अपील न्यायालयाने तर असं ठरवलं की या कलमाखाली सामान्य नागरिकाला स्वतः दावा लावताच येत नाही, तो फक्त फेडरल सरकारने लावायचा.

ही पोकळी राज्यं आपापल्या परीने भरत आहेत. कॅलिफोर्नियाने फार आधी, २००२ मध्ये, कायदा केला. मग वॉशिंग्टन राज्य २०१८, ओरेगन २०१९, व्हर्जिनिया २०२१ (दक्षिणेतलं पहिलं), न्यूयॉर्क २०२२, कनेटिकट २०२३, मिनेसोटा २०२४, कोलोरॅडो २०२५. मिनेसोटा आठव्या सर्किटमध्येच येतं, त्यामुळे त्या निकालानंतर तिथे घाई का झाली ते सहज समजतं. न्यूयॉर्क आणि कनेटिकटच्या कायद्यांना जॉन लुईस यांचं नाव दिलेलं आहे.

यातले सगळे कायदे सारखे नाहीत. ओरेगनचा कायदा शाळा आणि शिक्षण संस्थांच्या मंडळांपुरता आहे, कॅलिफोर्नियाचा मुख्य रोख ॲट-लार्ज, म्हणजे प्रभाग न पाडता अख्ख्या गावाने मिळून करायच्या, निवडणुकांवर आहे. न्यूयॉर्कचा कायदा मात्र भाषा, धाकदपटशा, मतदान केंद्रं, प्रभागरचना, सगळ्याला हात घालतो. तुमचं राज्य यादीत नसेल तर खालची पहिली आणि दुसरी पायरी तरी वाचा, ती फेडरल कायद्यावर उभी आहे. न्यू जर्सीतही अशा कायद्याचं विधेयक मांडलं गेलेलं आहे. एडिसन, जर्सी सिटीकडच्या मंडळींनी आपल्या विधिमंडळ सदस्याला त्याबद्दल नाव घेऊन विचारावं.

पायरी १: यादीत नाव, आणि नाव बरोबर

फेडरल आणि राज्यपातळीच्या निवडणुकीत मत फक्त नागरिकाचं. एच-१बी, ग्रीन कार्ड, विद्यार्थी व्हिसा यांपैकी कुणीही नोंदणीचा फॉर्म भरू नये. लायसन्सच्या कार्यालयात समोरचा माणूस चुकून फॉर्म पुढे सरकवतो, तेव्हाही नाही. यातून पुढे नागरिकत्व नाकारलं जाण्यापासून देशाबाहेर काढण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. मंडळाच्या कार्यक्रमात नोंदणीचं टेबल लावणाऱ्यांनी हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून टेबलावर ठेवावं.

आता नावाचा घोळ. आपलं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. पासपोर्टवर एक, लायसन्सवर दुसरं, सोशल सिक्युरिटीकडे तिसरंच. मतदार नोंदणी करताना तुमची माहिती लायसन्सच्या किंवा सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून पाहतात. ती जुळली नाही आणि नोंदणी टपालाने केलेली असली, तर पहिल्या मतदानाला ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. सोपा उपाय म्हणजे नोंदणीच्या फॉर्मवर नाव अक्षरन् अक्षर लायसन्सप्रमाणे लिहायचं. मग काउंटीच्या संकेतस्थळावर स्वतःची नोंद शोधून तिचा फोटो काढून ठेवायचा. 'लक्ष्मीबाई' आणि 'लक्ष्मी बाई' यांत यंत्राला फरक दिसतो.

एवढं करूनही केंद्रावर नाव सापडलं नाही तर परत फिरू नका. २००२ पासून फेडरल कायद्याने तात्पुरती मतपत्रिका देण्याची सोय आहे. न्यूयॉर्कमध्ये तिला ॲफिडेव्हिट बॅलट म्हणतात. ती नाव घेऊन मागा.

पायरी २: आजींना आत घेऊन जा

हा सगळ्यांत लवकर कामाला येणारा हक्क आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

फेडरल कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे ज्या मतदाराला दृष्टी, अपंगत्व किंवा लिहिता-वाचता न येणं यामुळे मदत लागते, त्याने स्वतः निवडलेला कुणीही माणूस सोबत नेता येतो. अपवाद दोनच: मतदाराचा मालक किंवा मालकाचा प्रतिनिधी, आणि मतदाराच्या कामगार संघटनेचा पदाधिकारी किंवा प्रतिनिधी. सून चालते, नातू चालतो, शेजारच्या कुलकर्णी काकू चालतात. इंग्रजी वाचता न येणं यात धरलं जातं.

टेक्ससमधलं एक प्रकरण लक्षात ठेवा. २०१४ मध्ये विल्यमसन काउंटीत एक बंगालीभाषक भारतीय आई मुलाला दुभाष्या म्हणून घेऊन गेली. मुलगा शेजारच्या काउंटीचा मतदार होता आणि राज्याचा नियम सांगत होता की दुभाष्या त्याच काउंटीचा हवा. त्याला मनाई झाली. पाचव्या सर्किटच्या न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की राज्याचा हा नियम कलम २०८ च्या आड येतो, म्हणून तो चालणार नाही. मदत करणाऱ्याची निवड मतदाराची.

केंद्रावर काय बोलायचं? "ही माझी आई. तिला इंग्रजी वाचता येत नाही. व्होटिंग राइट्स ॲक्टच्या कलम २०८ प्रमाणे तिने मला मदतीला निवडलं आहे." हे इंग्रजीत घरी घोकून जा. शांतपणे म्हणा. शपथपत्रावर सही मागितली तर करा. तरीही अडवलं तर केंद्राच्या मुख्य अधिकाऱ्याला बोलवा आणि ८८८-२७४-८६८३ या आशियाई मतदारांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तिथे हिंदी, बंगाली, उर्दू बोलणारे असतात. मराठी नाही, पण आपल्या बहुतेक आजींना हिंदीत आपलं म्हणणं सांगता येतं. वेळ, केंद्राचा पत्ता आणि कोण काय बोललं, हे लगेच लिहून ठेवा. हा कागद पुढे पाचव्या पायरीला लागेल.

आत गेल्यावर मात्र मत आजींचं. आपण वाचून दाखवायचं, त्यांनी सांगितलं तिथे खूण करायची. आजींना कुणाला मत द्यायचंय ते आपल्याला पटलेलं नसलं तरी.

पायरी ३: मराठी मतपत्रिका मिळेल का?

खरं उत्तर: सध्या तरी अवघड, पण मार्ग बंद नाही.

फेडरल कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे एखाद्या भागात एका भाषिक अल्पसंख्य गटाचे, इंग्रजी नीट न येणारे मतदानयोग्य नागरिक १०,००० हून जास्त किंवा ५ टक्क्यांहून जास्त असले, तर तिथे त्यांच्या भाषेत साहित्य द्यावं लागतं. गटातलं निरक्षरतेचं प्रमाणही त्यासाठी पाहतात. यात आपली गणना 'एशियन इंडियन' या गटात होते, म्हणजे गुजराती, पंजाबी, तेलुगू, मराठी सगळे एका टोपलीत. गट यादीत आला की कोणती भाषा द्यायची ते पुढे ठरतं. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये बंगाली मिळते, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी.

राज्यांचे उंबरठे खाली आहेत. न्यूयॉर्कच्या कायद्यात एका भाषेचे, इंग्रजी मर्यादित येणारे मतदानयोग्य नागरिक २ टक्क्यांहून जास्त आणि किमान ३००, किंवा ४,००० हून जास्त असले तरी भाषेची मदत देण्याचं बंधन येतं. एखाद्या छोट्या व्हिलेजमध्ये (न्यूयॉर्कमधली छोटी स्थानिक पालिका) किंवा स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ३०० हा आकडा कल्पनेबाहेरचा नाही. निदान गुजराती किंवा पंजाबीसाठी तर नाहीच. कॅलिफोर्नियात मतदान केंद्राच्या परिसरात एका भाषिक गटाच्या ३ टक्के मतदानवयाच्या रहिवाशांना इंग्रजी पुरेसं येत नसेल, तर त्यांच्या भाषेतली नमुना मतपत्रिका तिथे ठेवावी लागते.

अडचण मोजणीत आहे. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे जनगणना विभागाची नमुना पाहणी, तिच्या घरातल्या भाषांच्या सविस्तर तक्त्यात हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी वेगळ्या रांगांत येतात. मराठी येते 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा' या एकत्र रांगेत. आपला आकडा आपल्यालाच दिसत नाही. शेवटच्या पायरीत यावर परत येतो.

पायरी ४: गावची निवडणूक कशी होते ते पाहा

भाषेचा प्रश्न मतदान केंद्रापुरता. मोठा प्रश्न मताचं वजन किती, हा. बहुतेक लोक इथवर येतच नाहीत, आणि मला वाटतं, राज्यांच्या कायद्याचं खरं बळ इथेच आहे.

तुमचं टाऊन बोर्ड, व्हिलेजचे विश्वस्त, स्कूल बोर्ड: हे प्रभागवार निवडले जातात की सगळ्या गावाने मिळून? दुसऱ्या पद्धतीला ॲट-लार्ज म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतो, एका मतदाराने त्यातल्या प्रत्येक जागेसाठी मत द्यायचं. अख्खं गाव असा एकच प्रभाग समजा.

हिशेब असा. गावात १,००० मतदार, बोर्डाच्या ५ जागा. ६०० जण एका बाजूने मत देतात, ४०० दुसऱ्या. प्रत्येकाला ५ मतं. पहिल्या गटाच्या पाचही उमेदवारांना ६०० मतं पडतात, दुसऱ्यांच्या पाचही जणांना ४००. निकाल ५-०. चाळीस टक्के लोक दर निवडणुकीला रांगेत उभे राहतात आणि त्यांचा माणूस एकदाही खुर्चीत बसत नाही. प्रत्येकाला मत आहे, कुणाला अडवलेलं नाही, तरी मताचं पाणी झालेलं. फूट वंशाच्या किंवा भाषागटाच्या रेषेवरून पडत असेल, तर राज्यांचे मताधिकार कायदे तिथे लागू पडतात.

हे तपासायला तीन गोष्टी पाहा.

पहिली, पद्धत. टाऊन क्लार्कला (गावचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल केलात तर एका ओळीचं उत्तर येतं.

दुसरी, तारीख. न्यूयॉर्कमध्ये स्कूल बोर्डाची निवडणूक मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी होते, अनेक व्हिलेजच्या मार्चमध्ये. नोव्हेंबरला उत्साहाने जाणारे आपले लोक तेव्हा घरी असतात. निवडणूक नोव्हेंबरला जोडून घ्यायला लावणं, हा उपाय न्यूयॉर्कच्या कायद्यात नावानिशी आहे.

तिसरी, गेल्या वीस वर्षांत बोर्डावर कोण-कोण बसलं. जुनी सभावृत्तं चाळा. आशियाई, लॅटिनो, कृष्णवर्णीय उमेदवार किती उभे राहिले, किती निवडून आले, हा तक्ता एका शनिवारी होतो.

हे कायदे स्थानिक संस्थांसाठी आहेत, हे ध्यानात असू द्या. क्वीन्समधला रिचमंड हिलचा दक्षिण आशियाई आणि इंडो-कॅरिबियन भाग राज्य विधानसभेच्या अनेक मतदारसंघांत चिरला गेल्याची तक्रार जुनी आहे. विधिमंडळाच्या नकाशांची लढाई मात्र वेगळी, त्यांना हा मार्ग लागू नाही.

पायरी ५: पुरावा जमवा

कायद्याला कुणाच्या मनात काय होतं ते सिद्ध करायला नको. न्यूयॉर्कमध्ये ॲट-लार्ज पद्धतीविरुद्ध दोनपैकी एक दाखवायचं: मतदान वंशाच्या रेषेवर विभागलेलं आहे, किंवा एकंदर परिस्थिती अशी आहे की गटाला आपला उमेदवार निवडून आणण्याची किंवा निकालावर प्रभाव टाकण्याची संधी मिळत नाही. कॅलिफोर्नियात विभागलेलं मतदान आणि त्यामुळे मताचं वजन घटणं, दोन्ही दाखवावं लागतं. सांता मोनिका शहराच्या खटल्यात २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली: गटाचं बहुमत असलेला प्रभाग आखता आलाच पाहिजे, अशी अट नाही. विखुरलेल्या आशियाई वस्तीसाठी हा निकाल मोलाचा आहे.

आकड्यांसाठी जनगणना विभाग दरवर्षी मतदानवयाच्या नागरिकांचा खास तक्ता काढतो, अगदी ब्लॉक ग्रुप या मोजणीच्या छोट्या भागापर्यंत. त्यात 'एशियन' हा एकच रकाना आहे. केंद्रवार निकाल काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे मिळतात. संकेतस्थळावर नसतील तर माहितीच्या कायद्याखाली अर्ज करा. न्यूयॉर्कमध्ये ५ कामकाजाच्या दिवसांत निदान पोच द्यावी लागते, कॅलिफोर्नियात १० दिवसांत उत्तर.

स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत बहुधा एक-दोनच केंद्रं असतात, केंद्रवार तुलना जमत नाही. मग तज्ज्ञ मतदारयादीतली आडनावं आणि पत्ते यांवरून वंशाचा अंदाज बांधतात. इथे आपल्या बाजूने एक खबरदारी. पाटील, जोशी, देशपांडे बहुधा ओळखले जातात, पण वसई किंवा गोव्याकडचे फर्नांडिस, परेरा, डिसूझा लॅटिनो म्हणून मोजले जाण्याची शक्यता असते. तुमच्या गावात अशी कुटुंबं असतील तर तज्ज्ञाला आधीच सांगा.

आकड्यांइतकंच वजन माणसांच्या सांगण्याला आहे. न्यायालय ज्या गोष्टी पाहतं त्यात भेदभावाचा इतिहास, प्रचारातली वंशावरून केलेली भाषा आणि निवडून आलेल्यांनी त्या समाजाच्या गरजांकडे केलेलं दुर्लक्ष येतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीचा अर्ज किती वेळा मागे पडला, मंदिराच्या परवानगीच्या सुनावणीत लोक काय बोलले, भाषांतरित सूचनांची मागणी कधी केली, हे तारखांसकट लिहा. सभेत तीन मिनिटं बोलायला मिळतात, ती वापरा; वृत्तांतात गेलेलं वाक्य हा पुरावा असतो. आमच्या आईचा किस्साही असाच कागदावर गेला.

पायरी ६: सोबती शोधा

एकट्या मराठी मंडळींच्या बळावर हे कुठेच होणार नाही. माझा सुरुवातीचा उत्साह 'आपल्या लोकांपुरता' होता, तो चुकीचा होता. न्यूयॉर्कचा कायदा सांगतो की वेगवेगळे संरक्षित गट राजकीयदृष्ट्या एकत्र मत देत असतील तर त्यांना एकत्र धरता येतं. तेव्हा गुरुद्वारात जा, बंगाली मशिदीत जा, लॅटिनो चर्चच्या पाद्रींना भेटा. कृष्णवर्णीयांच्या संघटना या लढाईत आपल्या कित्येक पिढ्या आधीपासून आहेत. त्यांच्याकडे शिकायला जायचं, नेतृत्व करायला नव्हे.

दावा संघटनेलाही लावता येतो, म्हणजे दुकान चालवणाऱ्या कुणा एकट्याला पहिल्याच दिवशी नाव पुढे करायची गरज नाही. महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था, असेल, तर त्याला निःपक्ष मतदार नोंदणी करता येते, माहिती देता येते; कुठल्याही उमेदवाराचा प्रचार मात्र अजिबात नाही. गणपतीच्या मांडवात नोंदणीचं टेबल चालेल, उमेदवाराच्या हस्ते आरती ठेवून त्याला मतं मागायला लावणं चालणार नाही.

वकिलांसाठी न्यूयॉर्कची एशियन अमेरिकन लीगल डिफेन्स अँड एज्युकेशन फंड ही संस्था १९७४ पासून काम करते आहे. मतदान केंद्रांवर देखरेख आणि मतदारांची पाहणी हे तिचं नेहमीचं काम. पुढच्या पायरीतलं पत्र पाठवण्याआधी अशा कुणाशी तरी बोला.

पायरी ७: पत्र

कायद्याचं सगळ्यांत उपयोगी हत्यार म्हणजे सर्टिफाइड मेलने क्लार्कला पाठवलेलं एक पत्र. त्यात सांगायचं की तुमची निवडणूक पद्धत राज्याच्या मताधिकार कायद्याचा भंग करते असं आम्हाला वाटतं. पत्र गेल्यापासून न्यूयॉर्कमध्ये ५० दिवस दावा लावता येत नाही. त्या मुदतीत बोर्डाने सुधारणेचा ठराव केला तर आणखी ९० दिवस मिळतात. कॅलिफोर्नियात हेच ४५ आणि ९०. बोर्डाने वेळेत सुधारणा केली, तर पत्राच्या तयारीचा खर्चही मर्यादेत परत मागता येतो: न्यूयॉर्कच्या कायद्यात ४३,००० डॉलर, कॅलिफोर्नियाच्या ३०,००० डॉलर, आणि हे आकडे महागाईप्रमाणे वाढतात.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण कच्चा मसुदा मराठीत करा, म्हणजे मुद्दा काय ते आपल्याला पक्कं कळतं. कोणती संस्था, कोणती पद्धत, कोणत्या कलमाचा भंग. मतदानवयाच्या नागरिकांत आपल्या गटांचा वाटा किती. गेल्या निवडणुकांत काय झालं. दुर्लक्षाचे दोन-तीन ठोस प्रसंग. आणि आपल्याला काय उपाय हवा. चार पानं पुरतात. विशेषणं काढून टाका, तारखा राहू द्या.

उपाय मागताना डोकं वापरा. सगळे आपोआप 'प्रभाग करा' म्हणतात. आपली वस्ती एका कोपऱ्यात एकवटलेली असेल तर ते ठीक. पण आपण बहुधा गावभर पसरलेले असतो, प्रत्येक गल्लीत दोन घरं, आणि प्रभाग पाडून अशांचा काही फायदा होत नाही. न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टरमधल्या पोर्ट चेस्टर गावाने फेडरल खटल्यानंतर २०१० मध्ये संचयी मतदान आणलं: सहा जागा, प्रत्येकाला सहा मतं, आणि हवी तर सहाही एकाच उमेदवाराला. त्या निवडणुकीत गावाचा पहिला लॅटिनो विश्वस्त निवडून आला. पसंतीक्रमाचं मतदान, बोर्डाच्या जागा वाढवणं, तारीख बदलणं, केंद्रं आणि वेळ वाढवणं, हे सगळं मागता येतं.

पायरी ८: पत्र गेल्यानंतर

बोर्डाची पहिली प्रतिक्रिया बहुधा दुखावल्याची असते. "आमच्या गावात भेदभाव?" इथे आवाज चढवू नका. कॅलिफोर्नियातल्या पामडेल शहराचं उदाहरण पुढे ठेवा: ते लढत राहिलं, हरलं आणि शेवटी समोरच्या बाजूच्या वकिलांचे सुमारे ४५ लाख डॉलर त्याला भरावे लागले. करदात्यांचा हा पैसा वाचवायचा तर ठराव करा, असं सांगितलेलं ऐकलं जातं.

ठराव झाला की सुनावण्या येतात. कॅलिफोर्नियात नकाशा काढण्याआधी किमान दोन आणि नंतर किमान दोन. पहिल्या दोन्हींना जास्त माणसं न्या, कारण कोणती वस्ती एकत्र ठेवायची ते तेव्हा ठरतं. मंदिर, किराणा दुकान, रविवारची मराठी शाळा नकाशावर ठिपके देऊन दाखवा. न्यूयॉर्कमध्ये स्थानिक संस्थेला स्वतःच्या अधिकारात पद्धत बदलता येत नसेल, तर प्रस्ताव राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (सरकारच्या मुख्य वकिलाच्या) नागरी हक्क विभागाकडे मंजुरीला जातो.

त्याच विभागाकडे सप्टेंबर २०२४ पासून पूर्वमंजुरीचंही काम आहे. पूर्वमंजुरीच्या यादीत असलेल्या काउंट्या, शहरं, स्कूल डिस्ट्रिक्ट यांना मतदान केंद्र हलवायचं असलं तरी आधी विचारावं लागतं, आणि त्यावर जनतेला म्हणणं मांडता येतं. व्हर्जिनियात स्थानिक संस्थेने असा बदल जाहीर करून किमान ३० दिवस हरकती मागवायच्या किंवा ॲटर्नी जनरलचं प्रमाणपत्र घ्यायचं. बसने पोहोचता येणारं केंद्र हलवून महामार्गापलीकडे नेत असतील, तर "माझी आई गाडी चालवत नाही, तिथे बस जात नाही" एवढ्या दोन ओळीही नोंदीत जातात.

काहीच हललं नाही तर न्यायालय. तिथून पुढे वकील सांगतील तसं.

पायरी ९: पुढच्या मोजणीसाठी

वरचे सगळे उंबरठे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या उत्तरांवर उभे आहेत. तो फॉर्म सगळ्यांना येत नाही, काही घरांना येतो, आणि आला की आपण तो जाहिरातीच्या गठ्ठ्यात टाकतो. टाकू नका. त्यात प्रत्येक माणसापुढे विचारलेलं असतं: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी किती चांगलं बोलता. भाषेच्या जागी 'इंडियन' लिहू नका, 'हिंदी' तर नकोच. 'मराठी' लिहा.

इंग्रजीच्या प्रश्नाला चार पर्याय आहेत: खूप चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. फॉर्म बहुधा मुलगा किंवा सून भरते आणि प्रेमापोटी, कधी संकोचापोटी, आईपुढेही 'खूप चांगलं' वर खूण करते. पहिल्या पर्यायावर खूण झालेला माणूस भाषेच्या मदतीच्या हिशेबात धरला जात नाही. आमच्याकडे फॉर्म आला तेव्हा मी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "दुकानात चालतं, कागद आला की अडतं." आम्ही तिसऱ्या चौकोनात खूण केली.